जमादार आणि काळ्या चटणीची भाकर

जमादार कोसळला तेव्हा माझा घास अजून तोंडातच होता. मला चारच दात राहिले आहेत, त्यामुळे भाकर गालात धरून भिजवावी लागते. मी वाचले ती एवढ्याने. त्यात देवाचं किंवा कुत्र्याचं काही नाही.

सेलूच्या बाजारात, कडुलिंबाच्या झाडाखाली, भर दुपारी हे झालं. जमादार म्हणजे माझं कुत्रं. आधी त्याने मागचे पाय पसरले, मग हनुवटी मातीला टेकवली, आणि पोट आत ओढून काळं काळं ओकला. शेजारी अप्पा लसूण तोलत होते. त्यांनी कुत्र्याकडे पाहिलं, भाकरीच्या फडक्याकडे पाहिलं, तराजू खाली ठेवला आणि फडक्याची गाठ बोटांनी चाचपली.

“आक्का, थुका,” ते म्हणाले. “आधी थुका. ही उंदराची भाकर हाय.”

मी थुंकले. तांब्यातलं पाणी घेऊन तीनदा चूळ भरली. मग विचारलं, “आन् तुमी?”

“मी कुठं खाल्ली?” अप्पा म्हणाले.

पण त्यांच्या मिशीला काळं लागलेलं होतं.

आता आधीचं सांगते. लोक काशी-रामेश्वरला जाऊन येतात आणि प्रवास लिहितात. माझा प्रवास आमच्या गावापासून देवगाव फाटा आणि फाट्यापासून सेलू एवढाच आहे. पण तो मी चार वर्षं दर बाजारी केला, आणि कुत्र्याला घेऊन केला. तेवढा प्रवास काशीला जाणारीचाही होत नसेल.

नवरा गेल्यावर मी एकटी राहते. मुलगी परभणीला दिली आहे. ती ये म्हणते, मी जात नाही. जमादार मला बाजारातच मिळाला. मटणाच्या दुकानांमागे सगळी कुत्री भांडत होती आणि हा तांबड्या रंगाचा एकटा पुढचे पाय जुळवून नुसता बघत बसला होता. तो माझ्या मागे फाट्यापर्यंत आला, फाट्यावरून घरी आला आणि दारात तसाच बसला. चोर आला तरी बघत बसेल, मांजर आलं तरी बघत बसेल. म्हणून पोलिसातल्यासारखं नाव ठेवलं, जमादार.

बाजाराच्या दिवशी सकाळी आम्ही फाट्यावर चालत जायचो. दोन्ही बाजूंना काळं रान. सोयाबीन निघालेलं असलं की उघडं पडलेलं, तूर उभी असली की हिरवं. फाट्यावर काळीपिवळी (माणसं भरून नेणारी जीप) लागलेली असायची. पहिल्या खेपेला ड्रायव्हर कुत्रं घ्यायला तयार नव्हता. मी म्हणाले, मागच्या बाजारी तू दोन बोकडं आणि एक दारुडा नेलास, हे त्या तिघांपेक्षा स्वच्छ आहे. तो दारुडा समोरच उभा होता. लोक हसले आणि जमादार आत आला. तेव्हापासून त्याची जागा ठरली, मागच्या बाकाखाली, माझ्या पायांशी. गाडी खड्ड्यात आदळली की तो माझ्या चपलेवर हनुवटी ठेवायचा. मी पाय काढून घ्यायचे. तो परत ठेवायचा.

सेलूला उतरलं की आधी चहा. हॉटेल म्हणजे पत्र्याखाली चार बाकडी. मालकाला सगळे चाचा म्हणतात. ते मला खाला (मावशी) म्हणायचे. “खाला, आला का तुमचा जमादार ड्युटीवर?” असं विचारून ते बशीत दूध-पाणी घालून बाकड्याखाली सरकवायचे. जमादार बशी चाटून चकचकीत करायचा आणि चाचा ती बशी वेगळी ठेवायचे. निदान तसं मला सांगायचे.

मग बाजार. मला घ्यायचं फार नसायचं. मीठ, मिरची, तंबाखू, कधी चपलेचा अंगठा शिवून घ्यायचा. पण आम्ही सगळा बाजार फिरायचो. दोरखंडवाल्यांकडे दावी आणि कासरे टांगलेले असत. त्यांच्या खाली जमादारला बसायला आवडायचं. गाडग्यांच्या रांगेत मी त्याला कधी नेलं नाही. शेळ्यांच्या बाजारात एकदा एका व्यापाऱ्याने त्याचं तोंड उघडून दात पाहिले, सवयीने. कापसाच्या दिवसांत गाड्यांमधून सरकी-कापसाचे पुंजके उडत. ते त्याच्या अंगाला चिकटत आणि घरी येईस्तोवर तो म्हाताऱ्यासारखा दिसायचा. मला मजा वाटायची. ते दिवस चांगले होते, हे मी नाकारत नाही.

दुपारी लिंबाखाली अप्पांपाशी. त्यांचं पूर्ण नाव मी लिहिणार नाही, गावाचंही नाही. बाजारात अप्पा पन्नास आहेत. हे लसणाचे. घरचं रान, घरचा लसूण, पोतं पसरून बसायचे. वय साठीच्या पुढे, जातीने लिंगायत, गळ्यात लिंग. माझं नि त्यांचं नातं काही नाही. एकदा ऊन फार होतं म्हणून मी त्यांच्या सावलीला बसले, त्यांनी भाकर सोडली आणि मला म्हणाले बसा. पुढच्या बाजारी मी माझी भाकर नेली. तेव्हापासून दोघांच्या भाकरी एकत्र सुटायच्या. माझ्याकडे पिठलं किंवा लोणचं, त्यांच्याकडे कारळाची चटणी. कारळ म्हणजे तिळासारखं काळं बी. भाजून लसूण घालून कुटतात आणि तेल घालून भाकरीला फासतात. त्यांच्या घरी ती चटणी भाकरीला आधीच फासून बांधायची रीत होती, म्हणजे सांडत नाही.

जेवणाच्या दोन रीती आम्ही पाळायचो. माझ्या सासरी खंडोबा आहे, तर पहिला तुकडा कुत्र्याला. अप्पा लिंग तळहातावर घेऊन डोळे मिटायचे आणि मग घास घ्यायचे. कधी कधी त्यांचे डोळे मिटलेले असताना जमादार त्यांच्या भाकरीकडे बघत बसायचा. हात लावायचा नाही. अप्पा म्हणायचे, हे मागच्या जन्मीचं आमच्यातलंच असणार. मी म्हणायचे, तुमच्यातलं असतं तर त्याने लसूण विकला असता.

बोलणं घरचंच व्हायचं. त्यांच्या सुनेचं फार व्हायचं. ती भांडून माहेरी जाऊन बसली होती आणि अप्पा स्वतः जाऊन तिला घेऊन आले होते. घरात ते कोणालाच आवडलं नव्हतं. मुलगा बोलत नव्हता. सासू तिच्या हातचं पाणी पिताना भांड्यात बघून प्यायची. अप्पा म्हणायचे, पोरगी चांगली आहे, तोंड तेवढं फाटकं आहे. मी म्हणायचे, माझ्यासारखं. ते म्हणायचे, न्हाई आक्का, तुमच्याइतकं न्हाई.

त्या दिवसाचं आता सांगते.

अप्पांच्या घरात ज्वारीच्या कणगीला उंदीर लागले होते. अप्पांनीच औषध आणलं, काळी पूड. अप्पांनीच सुनेला सांगितलं की दोन-तीन भाकरींना तेलात कालवून फास, उंदीर सरळ खातील. तिने पूड फासली, भाकरी धडप्यात (जुन्या धोतराच्या तुकड्यात) बांधल्या आणि फळीवर ठेवल्या. अप्पांची बाजारची भाकर दुसऱ्या धडप्यात, चुलीपाशी. पहाटे लाईट नव्हती आणि टेंपोवाला हॉर्न वाजवत होता. अप्पांनी हात घातला आणि मिळालं ते गाठोडं घेतलं. ही चूक त्यांची. सुनेची नाही. हे मी पुन्हा लिहिते, कारण पुढे कोणी ते ऐकून घेतलं नसतं.

चटणी काळी, औषध काळं. त्या औषधाला लसणासारखा वास येतो, हे मला दवाखान्यात कळलं. अप्पांच्या धोतराला, हाताला, पोत्याला वर्षाचे बारा महिने लसणाचाच वास. कोणाला काय कळणार?

मी पहिला तुकडा जमादारला टाकला. अप्पांनी त्याला वर अर्धी भाकर दिली, म्हणाले आज भाकरी जास्त दिसतात. तेवढ्यात लागवडीचा लसूण बघायला एक गिऱ्हाईक आलं. एक एक कांडी उचलून बघणारं. मी थांबले, कारण आम्ही एकमेकांना सोडून जेवत नव्हतो. एक शेळी पोत्यात तोंड घालायला आली, तिला मी हाकलत दोरखंडवाल्यापर्यंत नेली आणि तिथे दोन शब्द बोलत उभी राहिले. अप्पा पहाटेपासून उपाशी होते. माझी पाठ होती तेवढ्यात त्यांनी लिंगाला हात लावला आणि उभ्याउभ्या खाल्लं. मी परत आले तर अप्पा म्हणाले तुमी सुरू करा, म्हणून बसले, एक घास तोडून गालात धरला. आणि जमादार पडला.

मी आधी कुत्र्याकडे धावले. खोटं कशाला लिहू? माणसाच्या मिशीला काळं दिसत होतं आणि मी कुत्र्याला उचललं. चाचांनी हॉटेलातून ते पाहून हातातलं फडकं टाकलं आणि दोघांनी त्याला हॉटेलामागच्या हापशावर नेलं. तो ओकतच होता. चाचा म्हणाले, ओकू द्या, जितकं निघेल तितकं बरं. कोणीतरी जनावरांच्या डॉक्टरकडे सांगावा धाडला. जमादारचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि तो बघत होता, नेहमीसारखा. तेव्हा मला ती मिशी परत आठवली.

मी उठले. चाचांना म्हणाले, याला सांभाळा, जगला तर जगला.

लिंबाखाली अप्पा पोत्यामागे बसून अजून लसूणच तोलत होते. कपाळावर घाम, एक हात पोटावर. गिऱ्हाईक पिशवी उघडी धरून उभं होतं.

“किती खाल्ली?” मी विचारलं.

त्यांनी तराजूत आणखी एक गड्डा टाकला. मी म्हणाले, “मिशीला काळं हाय.” त्यांनी मिशी पुसली. मग म्हणाले, “दीड.”

“चला दवाखान्यात.”

“न्हाई. इख म्हणलं की पोलीस येतेत. कुणी केली म्हणून इचारतेत. मग पोरीचं नाव सांगावं लागतं.” ते गिऱ्हाइकाला ऐकू जाऊ नये म्हणून हळू बोलत होते. “घरात सगळे टपूनच बसलेत, आक्का. मी चुकून उचलली म्हणलं तर कोण मानंल? माझी बायकोच मानणार न्हाई.”

“मग मरता का?”

“वकून जाईल. कुत्र्याचं जायलंय की.”

कुत्रं ओकत होतं, ते ओकत नव्हते. ते नुसते पिवळे पडत होते. मला राग आला. चार वर्षं एका फडक्यात जेवलो आणि हा माणूस माझ्यासमोर लाजेपोटी मरायला बसला होता.

“भाकर माझी हाय,” मी म्हणाले. “मी माझ्या घरच्या उंदरांना केली, चुकून बांधली, तुमाला वाढली. उठा.”

“तुमचं नाव खराब हुईल.”

“मला आता कुठं नांदायला जायचंय?”

ते उठले. जरा लवकरच उठले, असं मला नंतर वाटलं.

सरकारी दवाखान्यात त्यांच्या नाकातून नळी घातली. माझ्याही घातली, कारण घास तोंडात होता म्हणून सांगितलं. ते कसलं दुखणं असतं ते लिहीत नाही. डॉक्टर पोरगी होती, माझ्या नातीएवढी. तिने मला विचारलं की आजी, उंदराचं औषध आणि जेवण एका पिशवीत ठेवतात का? मी म्हणाले, ठेवू नये. ती म्हणाली, मग? मी म्हणाले, ठेवलं.

मग पोलीस आले. त्यांनी सगळं लिहून घेतलं. भाकर कोणाची, माझी. कोणी केली, मी. कोणी वाढली, मी. आधी कोणी खाल्ली, कुत्र्याने. त्यांनी कुत्र्याचं नाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी लिहायचं थांबवून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मग नुसतं ‘पाळीव कुत्रा’ असं लिहिलं. शेजारच्या खाटेवर अप्पा जागे होते. डोळे छताला लावून पडले होते. मी सांगितलेलं प्रत्येक वाक्य त्यांनी ऐकलं आणि एकही खोडलं नाही.

संध्याकाळी त्यांचा मुलगा आला. आधी बापाच्या पायांशी रडला आणि मग माझ्या खाटेपाशी येऊन मला जे बोलला ते मी जन्मात कोणाकडून ऐकून घेतलं नव्हतं. थेरडी म्हणाला, चेटकीण म्हणाला. बापाला नादी लावून बाजारात जेवायला बसवते म्हणाला. वॉर्डातल्या बायका उठून बसल्या. अप्पांनी तोंड भिंतीकडे केलं. ते म्हणाले, “जाऊ दे रं.” एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मला सोडलं. अप्पांना अजून ठेवून घेतलं, पण धोका टळला असं डॉक्टर पोरगी म्हणाली. अप्पांनी तक्रार नाही म्हणून सही दिली, त्यामुळे पोलिसांचंही मिटलं. मी हॉटेलावर गेले. जमादार मागच्या बाकड्याखाली पडला होता. बरगड्या मोजता येत होत्या. समोर ताकाची बशी होती आणि त्यातलं निम्मं ताक संपलं होतं. मला पाहून त्याने शेपटी एकदा आपटली. उठला नाही. चाचांनी सांगितलं की जनावरांचा डॉक्टर येऊन सुई टोचून गेला. मग म्हणाले, “खाला, ऐसी चीज कोई बाजार में लाता क्या?” ते चिडून नाही बोलले. पण त्या दिवशी मला चहा कागदी कपात दिला. आजवर काचेच्या ग्लासात द्यायचे.

परतीला मी जमादारला पदराखाली धरून काळीपिवळीत चढवलं. बातमी आमच्या आधी फाट्यावर पोचलेली होती. ड्रायव्हरने आरशातून पाहिलं. “आज्जे, पिशवीत भाकर-बिकर न्हाई ना?” लोक हसले. पहिल्या खेपेला माझ्या बोलण्यावर हसले होते तेच लोक. माझ्या शेजारची बाई मात्र हसली नाही. तिने मांडीवरच्या लेकराला उचलून पलीकडच्या बाजूला घेतलं.

गावात तर काय विचारता. लग्नाकार्यात भाकरी थापायला मला बोलवायचे. शंभर भाकरी थापल्या तरी एकीचा काठ फाटत नसे. शाळेत खिचडीवाली आजारी असली की मीच जायचे. आता कोणी बोलावत नाही. कोणी तोंडावर बोलत नाही, पण माझ्या घरचं ताक आता कोणी मागायला येत नाही. मुलीने परभणीहून फोन केला आणि म्हणाली, आई, तू आता विसरायला लागलीस, इकडेच ये. मी तिला खरं सांगू शकले असते. सांगितलं असतं तर जावयाला कळलं असतं, जावयाकडून सेलूला गेलं असतं. म्हणून म्हणाले, हो, विसरते.

अप्पा बरे झाल्यावर बाजारात परत आले. पण लिंबाखाली नाही, पार दुसऱ्या टोकाला, मिरचीवाल्यांत. दिवाळीपर्यंत मुलगा सोबत बसायचा. मी समोरून गेले की अप्पा तराजूची दोरी सरळ करतात. जमादार अजून थांबतो त्यांच्यापुढे, पाय जुळवून. मुलगा दगड उचलायचा. मग मी जमादारला हाक मारायचे.

लिंबाखाली आता आम्ही दोघंच बसतो. एका बाजारी तिथे एक तरुण बाई आली, डोक्यावर पदर, हातात पिशवी. मी तिला कधी पाहिलेलं नव्हतं, पण ओळखलं. ती उभीच राहिली.

“मावशी, सासऱ्यानं मला सगळं सांगितलंय,” ती म्हणाली. “घरात फकस्त मलाच सांगितलंय.”

“बरं केलं.”

“घरात तुमाला रोज शिव्या देतेत. मी गप बसले तर संशय येतो. म्हणून मला बी द्याव्या लागतेत.”

“दे,” मी म्हणाले. “पण मोठ्यानं दे.”

तिला हसू आलं का रडू ते मला कळलं नाही, तिने पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, तुमचे उपकार. मी म्हणाले, तुझ्यासाठी काही केलं नाही, तुझा सासरा उठत नव्हता म्हणून केलं. हे खरंच होतं. तिने पिशवीतून धडपं काढलं आणि माझ्यापुढे सोडलं. ज्वारीच्या दोन भाकरी, वर काळी चटणी फासलेली. “माझ्या हातची हाय,” ती म्हणाली आणि माझ्याकडे न बघता जमादारकडे बघत राहिली.

मी पहिला तुकडा त्याला टाकला. त्याने हुंगून खाल्ला. कुत्र्याला लाजही नसते आणि आठवणही नसते. मी थोडा वेळ थांबले. तीही थांबली, तिला कारण कळलं होतं. जमादार पाय जुळवून बघत बसला. मग मी घास तोडून गालात धरला. चटणी चांगली होती, मीठ जरा कमी होतं. ते मी तिला सांगितलं.

दिवाळीनंतर ती नवऱ्याला घेऊन बाहेरगावी कामाला गेली. ती आता त्या घरात नाही, तिच्या केसाला धक्का लागणार नाही, म्हणून हे लिहिलं. आमच्या गावात कोणी वाचलं तरी मानतील असं नाही. म्हातारी स्वतःला धुऊन काढते आहे, असंच म्हणतील.

येत्या बाजारी मी जाणार आहे. काळीपिवळीत माझ्या शेजारी आता जागा मोकळीच असते, त्यामुळे जमादारला बाकाखाली कोंबावं लागत नाही.

त्या भाकरी करणारी सून वाचली. दीड भाकर खाल्लेले अप्पा वाचले. जमादार वाचला. मी वाचले.